वास आपोआप येतो

आमच्या घरात स्वयंपाक करताना कोणी काही चाखत नाही. म्हणजे सासूबाई चाखत नाहीत, आणि स्वयंपाक त्याच करतात, त्यामुळे नियम मोडायची संधी बाकीच्यांना फारशी मिळत नाही. आधी देवाला नैवेद्य, मग माणसं. देवाच्या आधी कोणाची जीभ लागली की ते उष्टं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी उसळीत गूळ पुरेसा पडलाय का ते बघायला पळी चाटली होती. सासूबाईंनी देवापुढे दूधसाखरेची वाटी ठेवली आणि उसळ आम्हाला वाढली. उसळीत गूळ कमी होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग मीठ बरोबर आहे हे कळतं कसं, असं मी पुढे कधीतरी धीर करून विचारलं. "वासावरून," त्या म्हणाल्या. मी नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. मिठाला वास नसतो हे मला माहीत आहे. पण त्यांच्या आमटीत मीठ कधी कमी-जास्त होत नाही, हेही मला माहीत होतं, आणि लॅबमध्ये आम्ही शेवटी रिपोर्टवरच विश्वास ठेवतो. एकदा मी जरा वकिली केली. म्हटलं, देवाच्या आधी चाखायचं नाही, मग देवाच्या आधी वास घेतलेला कसा चालतो? सासूबाई पोळ्या लाटत होत्या. "वास घ्यावा लागत नाही," त्या म्हणाल्या. "वास आपोआप येतो." विषय संपला.

आणि त्यांना तो खरंच यायचा. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली कोणी ऑम्लेट केलं की आमची खिडकी लागायची. कारखान्यांच्या बाजूने वारा फिरला की आमच्या खिडक्या सगळ्यात आधी बंद व्हायच्या, आणि ते बघून शेजारी आपापल्या बंद करायचे. नवऱ्याने कॉलेजात असताना एकदा कल्याणला मित्राकडे सिगारेट ओढली, तिथेच आंघोळ केली, वर मूठभर बडीशेप खाल्ली आणि मग घरी आला. बेल वाजवल्यावर दाराच्या आतून आवाज आला, "थोडा वेळ बाहेरच थांब." तो अजून ही गोष्ट सांगताना दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावतो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात घरात आळीपाळीने सगळ्यांना ताप येऊन गेला. सासूबाईंना सगळ्यात शेवटी आला, कारण तोपर्यंत त्या आमचं करत होत्या. त्या उठल्या, कामाला लागल्या, आणि स्वयंपाक बिघडला. आमटी एक दिवस खारट, एक दिवस अळणी. फोडणीत मोहरी जळून कोळसा झालेली. एकदा तर आंबलेल्या खोबऱ्याची चटणी पानात आली. आम्ही आपले जेवत होतो. नवरा हळूच आमटीत पाणी ओतायचा आणि "मस्त झालीय" म्हणायचा. मी दही वाढून घ्यायचे. सासूबाई सगळ्यांच्या मागून पानावर बसायच्या, पहिला घास घ्यायच्या, जरा थांबायच्या आणि मान खाली घालून जेवण संपवायच्या. तोपर्यंत देव जेवून गेलेला असायचा, त्यामुळे दुरुस्तीची सोय नव्हती. वय झालं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. वय हे फार सोयीचं निदान आहे. त्याला कुठलीही टेस्ट लागत नाही.

मग गौरी आल्या. आमच्याकडच्या उभ्या गौरी. सासरे गेले तरी गौरी डोंबिवलीलाच बसतात आणि सगळं कुटुंब आमच्याकडे जेवायला येतं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, कढी. हे सगळं सासूबाई एकट्या करतात. मी नारळ फोडते. गेल्या वर्षी ती आमटी अशी झाली की माणसं पाण्याचा तांब्या हातोहात फिरवत होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जाताना बाळकुमच्या काकू, म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ, चपला घालता घालता म्हणाल्या, "वहिनी, किती वर्षं एकट्या करणार हो तुम्ही? पुढच्या वर्षी गौरी आमच्याकडे आणू. जागाही मोठी आहे. नौपाड्यात एक जण सोवळ्यात सगळा स्वयंपाक करून देतो." काकू हे प्रेमाने म्हणाल्या, हीच पंचाईत होती.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ नाही असा होतो. पण या वेळी त्यांनी ते फरशीकडे बघून म्हटलं. मला वाईट वाटलं. मला स्वयंपाकाचा कंटाळा आहे, गौरींच्या त्या तीन दिवसांचा तर मनापासून कंटाळा आहे, आणि तरीही गौरी बाळकुमला गेल्या तर ही बाई मनाने खचेल, हे मला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. नवऱ्यालाही कळलं असावं. त्याच्या पद्धतीने त्याने त्यावर उपाय काढला. त्याने आम्हा तिघांसाठी थायलंडची टूर बुक केली.

टूर मराठी होती. म्हणजे स्वयंपाकाला बरोबर आपला महाराज होता आणि बँकॉकमध्ये रोज संध्याकाळी वरणभात मिळत होता. एका दुपारी कार्यक्रम मोकळा होता. गाइडने तीन पर्याय दिले: मसाज, हत्ती, नाहीतर थाई स्वयंपाकाचा वर्ग. तिथले मसाले असे असतात की गल्लीच्या तोंडाशी वास येतो, असं तो सांगत होता. बाकीची मंडळी मसाजला गेली. मी हत्तीच्या बाजूने होते, कारण हत्तीबरोबर काही शिजवावं लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आपण स्वयंपाकाला जाऊ."

मी त्यांच्याकडे बघितलं. या बाईंनी आजवर एकही पाककृती कोणाला विचारलेली नाही. टीव्हीवर कोणी बाई स्वयंपाक करायला लागली की त्या चॅनल बदलतात. "तुम्हाला काय शिकायचंय तिथे?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आलोय तर बघू." हे 'बघू' वेगळं होतं.

शहराबाहेर एका बाईंच्या अंगणात वर्ग होता. पत्र्याखाली ओळीने शेगड्या, प्रत्येकापुढे लाकडी पाट आणि दगडी खल. विद्यार्थी आम्ही तिघंच. शिकवणाऱ्या बाई सासूबाईंच्याच वयाच्या, ठेंगण्या, सतत हसणाऱ्या. त्यांचं इंग्रजी आणि नवऱ्याचं इंग्रजी एकमेकांना पूरक होतं. त्या सासूबाईंना 'मामा' म्हणत होत्या. सासूबाईंनी ते मनावर घेतलं नाही. आम्ही शाकाहारी आहोत हे नवऱ्याने सुरुवातीलाच सांगितलं. मग थोडा मागे राहून त्याने बाईंना आणखी काहीतरी कुजबुजत सांगितलं. नवरा बाहेर सगळं खातो. ते आईला माहीत नाही, असं त्याला वाटतं.

आधी बाईंनी एकेक जिन्नस हातात दिला. गवती चहाचे दांडे आले. "पाती टाकून देतात आणि बुडखा कुटतात," नवऱ्याने भाषांतर केलं. सासूबाईंनी दांडा मोडला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मान डोलावली. मग आल्याच्या तोंडवळ्याचं एक मूळ आलं. नाकाशी, डोळे मिटून, मान डोलावली. मग कसल्याशा लिंबाची जाड पानं. तसंच. मला बरं वाटलं. म्हटलं, रमल्या. मग एक जुडी आली आणि सासूबाईंनी डोळे उघडे ठेवले. ती तुळस होती. आपली, काळ्या देठाची. बाईंनी ती मुठीने तोडून परातीत टाकली आणि खुणेने सांगितलं की ही तेलावर परतायची.

"तिला विचार, ही वृंदावनातली नाही ना," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. वृंदावनाला इंग्रजीत काय म्हणतात ते नवऱ्याला येईना. त्याने "नाही" असं सांगून टाकलं.

कुटायला सुरुवात झाली तेव्हा मात्र अंगणात धड असा एकच आवाज होता. माझा बत्ता खलाच्या कडेवर पडत होता आणि नवऱ्याची मिरची उडून त्याच्याच डोळ्यात गेली होती. सासूबाईंचा बत्ता एका लयीत चालला होता. बाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, वाटण बोटावर घेऊन बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. नारळाच्या दुधात ते वाटण पडलं, उकळी आली, आणि बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक छोटा चमचा दिला. "टेस्ट, मामा, टेस्ट!"

सासूबाईंनी मान हलवली. बाईंना वाटलं, तिखटाला घाबरल्या. त्यांनी साखरेची बरणी पुढे केली. सासूबाईंनी पुन्हा मान हलवली. शेवटी नवऱ्याने समजावलं की आधी देव, मग आम्ही. बाई खूश झाल्या. त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे खांबावर एक चिमुकलं देऊळ होतं, त्यात ताटली, फुलं, आणि स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली. घर राखणाऱ्या देवांना त्या रोज आधी तिथे वाढतात. मग त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. "काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं. "म्हणतेय, ती पण आधी त्यांनाच देते," नवरा म्हणाला. "पण चाखून. न चाखता दिलं आणि बेचव निघालं तर ते रुसतील ना, म्हणतेय."

सासूबाई त्या देवळाकडे बघत राहिल्या. "त्यांच्यात चालत असेल," त्या म्हणाल्या.

शेवटी खारटपणासाठी वाट्या आल्या. आम्हा दोघींना सोयाबीनच्या पाण्याच्या. नवऱ्याला, त्याने कुजबुजून मागितल्याप्रमाणे, आंबवलेल्या माशांच्या पाण्याची. एकीत जणू कोरा चहा आणि दुसरीत जरा जास्त उकळलेला कोरा चहा, एवढाच दोन्हींच्या रंगात फरक. वास मात्र विचारू नका. मी दोन हात लांब होते, तरी सुकत घातलेल्या मासळीशेजारी उभं राहिल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याने ती वाटी भाताच्या पातेल्यामागे दडवली होती. बाईंनी पसारा आवरताना ती उचलून सासूबाईंच्या पाटावर ठेवली.

सासूबाईंनी ती हातात घेतली. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. कॉलेजातली ती सिगारेट त्याच्या तोंडावर परत आलेली मला दिसली. सासूबाईंनी वाटी नाकाशी धरली. डोळे मिटले. मान डोलावली.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि वाटी आपल्या पातेल्यावर कलती केली.

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. त्या एका क्षणात मला सगळी दुपार कळली, आणि त्याआधीचे सगळे महिने. कारखान्यांचा वास आलेला असताना उघडी राहिलेली आमची खिडकी. ती चटणी. मी त्यांचं मनगट धरलं. "आई, ही वाटी ह्यांची आहे. तुमची ही."

"का? काय आहे यात?"

"मासे."

त्यांनी वाटी खाली ठेवली. ठेवताना ती जराशी वाजली. मी नवऱ्याला ते कोपऱ्यातलं देऊळ जवळून बघून यायला सांगितलं. लग्न जुनं असलं की माणूस अशा वेळी प्रश्न विचारत नाही. तो गेला.

"तापानंतर?" मी विचारलं.

"हो."

"अजिबातच नाही?"

"अजिबात नाही." त्या खलातलं उरलेलं वाटण बोटाने निपटत होत्या. "तो गाइड म्हणाला ना, गल्लीच्या तोंडाशी वास येतो. म्हटलं, इतका येत असेल तर आपल्यालाही येईल जरासा."

मला एकदम रडू आलं. रोज दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजणारी मी, घरात मात्र दह्याची वाटी ओढून गप्प बसले होते. "सांगितलं का नाही?" मी विचारलं, आणि आवाज नको तितका चढला.

"काय सांगू?" त्याही चिडल्या. "मला स्वयंपाक येईनासा झाला, असं सांगू? सांगितलं असतं तर गौरी त्याच दिवशी बाळकुमला निघाल्या असत्या."

बाई लांबून आमच्याकडे बघत होत्या. भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्या आल्या, सासूबाईंच्या हातात तो छोटा चमचा पुन्हा ठेवला आणि परत गेल्या. सासूबाईंनी चमच्याकडे बघितलं. "हे काही नैवेद्याचं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पातेल्यातला रस्सा चमच्याने डाव्या तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

"गोड बरोबर आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "खारट कमी. आंबट तर नाहीच." त्यांनी योग्य त्या वाटीतलं पाणी घातलं, लिंबू पिळलं, पुन्हा तळहात. पुन्हा अर्धं लिंबू. तिसऱ्यांदा चाखल्यावर त्यांनी शेगडी बंद केली. मग तुळशीचं एक पान वर ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं, आणि बाईंनी त्याचा फोटो काढला. तो रस्सा मी खाल्ला. ताप येऊन गेल्यापासून त्यांच्या हातचं इतकं चवीचं मी काही खाल्लं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना नौपाड्यात नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. वास परत येईल किंवा येणार नाही, असं ते म्हणाले, आणि रोज लवंग, लिंबू, कापूर वगैरे हुंगायला सांगितलं. त्या इमानदारीने हुंगतात. नवऱ्याला तेव्हा त्यांनी सर्दीवरचा उपाय म्हणून सांगितलं होतं. कापूर थोडासा कळतो, असं त्यांचं म्हणणं आहे. स्वयंपाकघरात मला बढती मिळाली. फोडणी पडली की आतून हाक येते, "जळतंय का गं?" आणि मी जाऊन वास घेते, किंवा त्यांच्या भाषेत, मला तो येतो. पण चाखणं काही त्यांनी घरात सुरू केलं नाही. ते अंगण परदेशातलं होतं. इथे देव होता. आमटी तापानंतर व्हायची तशीच कधी साधायची, कधी नाही.

यंदा श्रावण लागला तसा बाळकुमहून फोन आला. केटररला सांगून ठेवू ना? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "नको," सासूबाई म्हणाल्या. "यंदाही इथेच." फोन ठेवून त्या लवंग हुंगायला बसल्या. मला काही विचारायचा धीर झाला नाही. मिठाला वास नसतो, आणि त्यात मी काहीच मदत करू शकत नव्हते.

गौरी जेवायच्या दिवशी काकू सकाळीच मदतीला म्हणून आल्या. मदत म्हणजे ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. पुरण झालं, भाज्या झाल्या. कटाची आमटी मोठ्या पातेल्यात उकळत होती. मी हिंगाच्या फोडणीला 'आता' म्हणाले होते आणि ती बरोबर पडली होती. सासूबाईंनी मिठाचा डबा उघडला, मीठ घातलं, पळी फिरवली. मग पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. बाहेरच्या खोलीत गौरी दागिने घालून उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी एकदा बघितलं. आणि पळीतली आमटी डाव्या तळहातावर घेऊन जिभेला लावली.

"वहिनी!" काकू खुर्चीतून उठल्याच. "अहो, नैवेद्य व्हायचाय अजून!"

"माहीत आहे."

"मग?"

"गौरी माहेरपणाला आल्यात ना?" सासूबाई काकूंकडे न बघता म्हणाल्या. "लेक माहेरी आली की तिच्या पानात वाढायच्या आधी तू चाखून बघतेस की नाही? गेल्या वर्षी मी माझ्या लेकींना खारट आमटी वाढली. उपाशी उठल्या असतील बिचाऱ्या. यंदा नाही वाढणार." त्यांनी आणखी चिमूटभर मीठ घातलं. "आणि मला वास येत नाही. वर्ष झालं. फोडणी हिच्या नाकावर केलीय, चुकली असेल तर हिला बोल."

मी नारळाच्या शेंडीकडे बघत उभी होते. नाकाबद्दल काकूंना तेव्हाच कळलं, आणि नवऱ्यालाही, तो दारात फुलपुडी घेऊन उभा होता. त्याचे डोळे भरले होते. ते पुसायला त्याने फुलपुडीच वापरली.

काकू ओट्यापाशी आल्या, सोन्याच्या बांगड्या मागे सारल्या आणि तळहात पुढे केला. सासूबाईंनी त्यावर पळीने आमटीचे दोन थेंब टाकले.

"आता बघ," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे का?"

असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. काकूंनी चाखलं. "अजून किंचित," त्या म्हणाल्या, आणि सासूबाईंनी मिठाचा डबा त्यांच्यापुढे धरला.